पाच घरांचं चक्र

१

ओर्लिन सँडविक सहाचे पाच करून द्यायचा. ओटर क्रीकच्या आसपास शंभर मैलांत त्याची ओळख एवढीच होती, आणि त्याला ती पुरेशी वाटायची.

काम तसं सरळ. या मुलखात घरोघरी आजोबांचं एखादं छोटं रिव्हॉल्व्हर असतंच. जुन्या घडणीचं, दर बाराला अंगठ्याने मागची हातोडी ओढावी लागते असलं. बावीस बोअरचं, म्हणजे रिकामे डबे उडवायला आणि सापाला पुरेसं. पण पाय मोडलेल्या घोडीला एका गोळीत सोडवायचं म्हटलं की बावीस बोअर अपुरा पडतो. मग लोक ते जुनेऱ्यात गुंडाळून ओर्लिनकडे आणत. मूठ तीच हवी, आजोबांच्या तळव्याने झिजवलेली. सांगाडा तोच हवा. फक्त गोळी मोठी बसली पाहिजे.

ओर्लिन पोलादाच्या कांबीतून नवं चक्र कापायचा, नवी नळी बसवायचा, हातोडीपुढची सुई काठावरून मध्यावर आणायचा. कारण बावीस बोअरच्या काडतुसाला ठोका काठावर लागतो आणि मोठ्या काडतुसाला मधोमध. जाड काडतुसांची सहा घरं तेवढ्याशा चक्रात कोरली तर मधल्या भिंती कागदासारख्या पातळ होतील. म्हणून घरं पाच. चौतीस वर्षांत त्याच्या हातचं एकही चक्र फुटलं नव्हतं, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगायचा.

शेवटची परीक्षा मात्र तो डोळे मिटून घ्यायचा. हातोडी अर्ध्यावर ओढायची, बाजूची झडप उघडायची, चक्र अंगठ्याने फिरवायचं. प्रत्येक घर झडपेसमोर आलं की आतून एक टक् येतो. पाच घरं, पाच टक्. प्रत्येक टक् सारख्याच वजनाचा यायला हवा. एखादा दात केसभर कमी कापला गेला असेल तर ते डोळ्याला दिसत नाही, कानाला कळतं.

जून संपत आला होता. त्या सोमवारी सकाळी, दारातून गवताचा वास येत असताना, त्याने ब्रेक्केंच्या रिव्हॉल्व्हरची अशीच परीक्षा घेतली. टक् अगदी सुरेख होते. एकसारखे, कोरडे, घट्ट. एवढं चांगलं चक्र आपण गेल्या चार-पाच वर्षांत कापलं नाही, असं त्याच्या मनात आलं.

फक्त ते सहा होते.

२

रिव्हॉल्व्हर सिग्नी ब्रेक्केने एप्रिलमध्ये आणून दिलं होतं. सिग्नी एकोणतीस वर्षांची, धनगराची मुलगी आणि स्वतःही धनगरच. दर उन्हाळ्यात बाराशे मेंढ्या घेऊन डोंगरावर चढायची आणि सप्टेंबरात उतरायची.

"बाबांचं आहे," ती म्हणाली होती. "अडतीस बोअरचं करून द्या. आई नको म्हणते."

"नको का म्हणते?"

"ते ती सांगत नाही. तुम्ही केलेलं काम नको म्हणते की मुळात हेच नको म्हणते, ते तुम्हीच विचारा तिला."

"मी विचारलं तर ती रस्ता ओलांडून पलीकडे जाईल."

"जाईलच," सिग्नी हसून म्हणाली. "तुमची कॉफी प्यायला लागली तर मीही जाईन. गंज काढायला वापरता की काय ही?"

हसण्यावारी नेलं तरी दोघांनाही ते माहीत होतं. हॅल्वर ब्रेक्के, सिग्नीचा बाप, बारा वर्षांपूर्वी याच रिव्हॉल्व्हरने गेला होता.

जुन्या घडणीच्या या रिव्हॉल्व्हरांची हातोडी थेट काडतुसाच्या बुडावर टेकून राहते. हातोडीला बाहेरून धक्का बसला की बार उडतो. म्हणून हातोडीखालचं घर रिकामं ठेवायचं, अशी इथली रीत. एक भर, एक सोड, चार भर, हातोडी पूर्ण ओढ, हळूच खाली सोड. मग ती बरोबर सोडलेल्या घरावर येऊन टेकते. सहा घरांत पाचच गोळ्या. हॅल्वर दर वसंतात शाळेच्या व्यायामशाळेत मुलांना हेच शिकवायचा. एकोणीस वर्षं शिकवलं. अर्धा जिल्हा त्याच्या तोंडच्या त्याच लयीत मोजायचा, एक भर, एक सोड.

आणि तोच हॅल्वर एका सकाळी डोंगरावरच्या तंबूपुढे खोगिराचा पट्टा आवळायला वाकला, कमरेचं रिव्हॉल्व्हर निसटून खडकावर आपटलं, आणि गोळी त्याच्या मांडीतून वर गेली. शेरीफने ते हत्यार ओर्लिनपुढे ठेवलं. चक्रात पाच जिवंत काडतुसं आणि एक उडालेली पुंगळी. ओर्लिनने एका ओळीत लिहून दिलं: सहाही घरं भरलेली होती.

दिसलं ते त्याने लिहिलं. पण त्या एका ओळीने हॅल्वर दुसऱ्यांदा गेला. दफनाच्या वेळी पुरुषमंडळी आपापल्या टोप्यांकडे बघत उभी राहिली. पुढच्या वसंतात वर्ग घ्यायला दुसरा कुणी आला, आणि मुलांना सांगताना तो म्हणाला, बघा, शिकवणाराही चुकतो. आठवड्याने हॅल्वरची बायको लेनोरा ओर्लिनच्या कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"त्याने आयुष्यात कधी सहा भरली नाहीत. ती ओळ मागे घे."

"लेनोरा, मी पाहिलं तेच लिहिलं."

"पाहिलंस," ती म्हणाली. "बरं."

त्यानंतर बारा वर्षं ती त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. ओर्लिनला वाईट वाटायचं, पण शंका कधी वाटली नव्हती. पितळ खोटं बोलत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

३

सहा हा आकडा ऐकल्यावर त्याने जे केलं ते कुणीही जाणकार करील तेच होतं. डोळे उघडले आणि पुन्हा मोजलं. पाच.

कान वाजला असेल. एकसष्ट वर्षांच्या माणसाचा कान, त्यातून चौतीस वर्षं बारांच्या सोबतीत काढलेला. त्याने डोळे मिटले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा.

ओर्लिन घाबरणाऱ्यातला नव्हता. त्याला गंमत वाटली. त्याने एका घराच्या काठावर निळ्या शाईचा ठिपका दिला. तो ठिपका झडपेसमोर आणून डोळे मिटले, अंगठ्याने सावकाश फिरवलं, सहाव्या टक्ला थांबला आणि डोळे उघडले. ठिपका झडपेसमोर. म्हणजे फेरा पुरा झाला होता, ना कमी ना जास्त. मग उघड्या डोळ्यांनी पाच टक् फिरवलं. ठिपका परत झडपेसमोर.

चक्र बाहेर काढून त्याने भिंगाखाली धरलं. मागच्या बाजूला दात पाच. त्यानेच कापलेले, प्रत्येक दातावर त्याच्या कानशीची तिरकी रेघ. दात पाच असले की सहावा टक् कुठून येईल? दात घसरून पुन्हा पकडत असेल तर दोन अर्धे टक् येतील, पण हे सहाही पुरे होते. त्याने स्प्रिंग बदलली. तेल पुसून कोरडं केलं. नंतर पुन्हा तेल घातलं. उघडे डोळे, पाच. मिटलेले, सहा.

दहाच्या कॉफीला तो रिव्हॉल्व्हर हातातच घेऊन स्वयंपाकघरात गेला. त्याची बायको आर्डिस सिंककडे तोंड करून रुबार्बचे देठ चिरत होती.

"पाठ फिरवूनच उभी राहा," तो म्हणाला. "आणि किती टक् येतात ते मोज."

"छत्तीस वर्षं पाठ फिरवूनच उभी आहे मी. चुलीकडे कोण बघतं मग?"

"मोज गं."

तो स्वतः डोळे उघडे ठेवून, ठिपक्याकडे बघत, फिरवत गेला. एक. दोन. तीन. चार. पाच. ठिपका आला. तो थांबला.

"सहा," आर्डिस म्हणाली आणि सुरी पुन्हा चालू झाली.

"पाच झाले."

"मग विचारतोस कशाला? सहा झाले. चौथा आणि पाचवा यांच्यात जरा लांब थांबलास."

ओर्लिन थांबला नव्हता. त्याने बायकोच्या पाठीकडे पाहिलं, तिच्या कोपरांच्या हालचालीकडे पाहिलं. "भिंतीवरून आवाज परत येतो इथे," तो म्हणाला.

"असेल," आर्डिस म्हणाली. "तो दमलेला वाटला मला. तो एक. बाकीचे नवे आहेत."

४

मंगळवारी त्याने मोजायचं नाही असं ठरवलं. घरामागच्या मातीच्या बांधावर जाऊन वीस गोळ्या झाडल्या. वीसच्या वीस हाताच्या पंजाएवढ्या जागेत गेल्या. बांधावरून परतताना तो शीळ घालत होता. हत्यार उत्तम होतं. त्यात खोट काढायची तर काढणाऱ्याने आधी आपले कान तपासून घ्यावेत.

दुपारी साफसफाईला बसल्यावर त्याला एक गोष्ट सुचली, आणि ती आधीच कशी सुचली नाही याचं त्याला आश्चर्य वाटलं. टक् मोजायचेच कशाला? घरं मोजावीत. अंधारात, थंडीत, हातमोजे काढून सगळे तसंच तर करतात. झडपेतून बोटाचं टोक लावायचं, घर रिकामं की भरलेलं ते चाचपायचं, पुढे सरकायचं.

त्याने पाचही घरं उजेडात धरून आरपार पाहिली. स्वच्छ, रिकामी, आतून चमकणारी. मग बाकावर बसून डोळे मिटले आणि करंगळीचं टोक झडपेत टेकवलं.

टक्. गोल काठ, आत पोकळी. टक्. पोकळी. टक्. पोकळी. खिडकीच्या काचेवर एक माशी वाजत होती. टक्. पोकळी. बाहेर आर्डिसने दोरीवरची चादर झटकली.

टक्.

बोट आत गेलं नाही.

तिथे काहीतरी सपाट, बंद होतं. लहान होतं, त्याच्या नखाएवढं. पितळ ओळखायला त्याला डोळे लागत नव्हते. त्याने बोट हलवलं नाही, फक्त टोक जरा बाजूला सरकवलं. काठावर, मध्यावर नव्हे, काठावर, सुईच्या ठोक्याची बारीक खाच होती. बावीस बोअरच्या उडालेल्या पुंगळीला असते तशी.

ती कोमट होती.

त्याने डोळे उघडले तेव्हा बोट रिकाम्या घरात होतं, पेरापर्यंत.

तो उठला. बादलीतल्या पाण्याने हात धुतले, फडक्याला पुसले. बाक झाडला, कानशी आपापल्या खाचेत लावल्या, भिंग पेटीत ठेवलं. रिव्हॉल्व्हर पुसून दाराजवळच्या खुंटीला अडकवलं. हे सगळं करत असताना त्याच्या डोक्यात एकच विचार होता, की सिग्नी गुरुवारी येईल आणि तिला हे द्यायचं नाही. काय सांगायचं ते नंतर बघू. द्यायचं नाही.

आणि आणखी एक विचार होता, त्याला तो पुढे येऊ देत नव्हता. बारा वर्षांपूर्वी शेरीफने चक्र पुढे ठेवलं तेव्हा आपण पाच गोळ्या आणि एक पुंगळी, अशा सहा पाहिल्या. पाहिल्या म्हणजे मोजल्या. पण हॅल्वरने त्या सकाळी तंबूपुढे किती भरल्या, ते आपण कुठे पाहिलं होतं?

५

बुधवारी सकाळी आर्डिसला काही न सांगता तो गाडी घेऊन गावात गेला. लेनोराचं घर धान्याच्या कोठारामागे, शेवटचं. समोर गाडी उभी करून तो पाऊण तास बसून राहिला. आत पडदा एकदा हलला. 'मी चुकलो' हे शब्द त्याने तोंडातल्या तोंडात म्हणून पाहिले. आयुष्यात पहिल्यांदा घातलेल्या बुटासारखे ते कुठेतरी चावत होते. शिवाय कशावरून चुकलो, असं तिने विचारलं तर काय सांगायचं? बोटाला लागलं म्हणून?

तो परत फिरला.

घरी आला तेव्हा आर्डिस अंगणात दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती.

"सिग्नी येऊन गेली," ती म्हणाली. "एक दिवस आधीच चढतेय. परवा पाऊस सांगितलाय म्हणे. तुला नमस्कार सांगितलाय आणि कॉफीला शिव्या."

"तिला काय दिलंस?"

"काय म्हणजे? तिचं रिव्हॉल्व्हर. खुंटीवर होतं की."

खुंटीवर. दाराजवळची ती खुंटी पुऱ्या झालेल्या कामाची. पुरं झालं की खुंटीला, खुंटीवरचं आर्डिसने द्यायचं; चौतीस वर्षांत यात कधी फरक पडला नव्हता. अपुरं काम बाकाखालच्या कपाटात जायचं. द्यायचं नाही, द्यायचं नाही असं मनात घोकत असताना त्याच्या हातांनी ते स्वतःच पुरं झालेल्यांत नेऊन टांगलं होतं.

"किती वेळ झाला?"

"तासभर. ओर्लिन, तुझा चेहरा असा का झालाय? चांगलं नव्हतं का ते?"

"चांगलं आहे," तो गाडीत चढता चढता म्हणाला. "फार चांगलं आहे."

वर तिकडे फोन लागत नाही. कळप जिथून डोंगराला लागतात त्या लाकडी पुलापर्यंत खडीच्या रस्त्याने चाळीस मिनिटं लागतात, ओर्लिनने ती पंचवीस मिनिटांत कापली. वाटेत तो स्वतःला समजावत होता आणि ते समजावणं पटण्यासारखंही होतं. दिवसाउजेडी भरेल ती. बघून भरेल. पाच घरं डोळ्यांना पाचच दिसतात. पण मेंढ्या पुढे निघालेल्या, कुत्रा भुंकतोय, घोडी थांबत नाहीये, अशा वेळी या मुलखात कुणी बघून भरत नाही. बोटांनी भरतात. एक भर, एक सोड, आता पाच घरं म्हणून तीन भर, हातोडी ओढ आणि सोड. सोडलेल्या घरावर हातोडी येते, याची इतकी खात्री असते की मागे वळून कुणी बघत नाही. तिचा बापही खात्रीनेच खोगिराकडे वळला असेल.

६

पुलापाशी मेंढ्याच मेंढ्या होत्या. पांढरी, धुळकट, एकसुरी में-में. सिग्नी पलीकडे घोडीजवळ उभी होती, लगाम कोपरात अडकवलेला, तोंड कळपाकडे. कुत्र्याला ओरडून काहीतरी सांगत होती. हात कमरेपाशी आपापलं काम करत होते.

ओर्लिन गाडीतून उतरून मेंढ्यांतून ढकलत निघाला. एवढ्या गोंगाटात टक् ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी त्याला ते ऐकू आले. शेवटचे दोन. त्यातला एक दमलेला होता.

"सिग्नी! हातोडी सोडू नकोस!"

तिने वळून पाहिलं. अंगठा हातोडीवर, हातोडी पूर्ण मागे ओढलेली, नळी जमिनीकडे. शिकवलेल्या पोरीसारखी ती होती तशीच थिजली.

"काय झालं? नळी तडकली का?"

"नळीला काही नाही झालं. तशीच धर. खाली सोडू नकोस."

"ओर्लिन, सोडलेलं घर आहे खाली. चार भरलीत मी, एक सोडलंय. मला शिकवता होय?"

"बघून सोडलंस?"

तिची नजर हातोडीवर गेली. मग म्हणाली, "हाताने. नेहमीसारखं."

"हाताला काय लागलं?"

"काय लागणार? काही नाही." तिच्या कपाळावर आठी आली. "घर. रिकामं होतं... बोट लावलं की नाही ते आठवत नाही बाई. तुम्ही मला उगाच घाबरवताय."

ओर्लिन तिच्याजवळ पोचला होता. त्याने घोडीचा लगाम तिच्या कोपरातून सोडवून पुलाच्या कठड्याला बांधला. आता त्याचा आवाज अगदी शांत होता, बाकापुढे बसल्यावर असायचा तसा. हातोडी खाली आली की त्या घरावर टेकणार. टेकली की दिवसभर टेकून राहणार, घोडीवर, कड्यावर, खोगिराचा पट्टा आवळताना. काय करायला हवं ते त्याला स्पष्ट दिसत होतं.

"त्या ओढ्याच्या काठाकडे नळी कर. मातीकडे. मेंढ्या नाहीत तिथे. दोन्ही हातांनी धर."

"आणि?"

"चाप ओढ."

"रिकाम्यावर? नुसतं टक् होईल."

"झालं तर झालं. मग महिनाभर मला म्हातारा म्हणून हसत राहा."

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं. मग काठाकडे नळी केली आणि चाप ओढला.

बार उडाला.

अडतीस बोअरचा आवाज छातीला लागतो. हा तसा नव्हता. हा बारीक होता, कोरडा, वाळकी काटकी मोडावी तसा. या मुलखातलं शेंबडं पोरही तो आवाज ओळखतं. डबे उडवायला शिकताना सगळ्यांनी पहिल्यांदा तोच ऐकलेला असतो. काठावरची माती चिमूटभर उडाली. आणि बाराशे मेंढ्या एकाच वेळी गप्प झाल्या.

सिग्नीने हातोडी अर्ध्यावर आणली, झडप उघडली आणि या खेपेला बघत, एकेक करून, काडतुसं तळहातावर काढली. अडतीस बोअरची चार. चारही जिवंत, बुडावर ओरखडा नाही. पाचवं घर रिकामं. तिने त्यात करंगळी फिरवून बाहेर काढली. बोटाला स्वच्छ तेल लागलं होतं, काजळी नव्हती. नळीत डोकावली. नळी चकचकीत होती.

ओर्लिन ओढ्याच्या काठापर्यंत गेला. मातीत पेन्सिलीएवढं भोक होतं. त्याने त्यात बोट घातलं नाही.

परत आला तेव्हा सिग्नी जमिनीवर बसली होती. कुत्रा तिच्यापासून दहा पावलं लांब उभा होता आणि तिच्याकडे न बघता तिच्या शेजारी, खोगिराच्या उंचीवर, कुठेतरी बघत होता. शेपटी हळूहळू हलत होती, ओळखीच्या माणसाला हलावी तशी. मग ती थांबली, आणि कुठून तरी पहिली मेंढी पुन्हा में करून ओरडली.

"बाबांनी पाचच भरली होती," सिग्नी म्हणाली.

"पाचच," ओर्लिन म्हणाला. "दे ते इकडे. चल, तुझ्या आईकडे जाऊ."

७

लेनोरा दारातच उभी होती, जणू सकाळी समोर थांबून निघून गेलेली गाडी परत यायची वाटच बघत होती. ओर्लिनने टोपी काढली. वाटेत त्याने वाक्य जुळवलं होतं, ते आता लागलंच नाही.

"हॅल्वरने सहा भरली नव्हती. मी लिहिलं ते चुकीचं होतं. आज दुपारीच शेरीफकडे जाऊन नवं लिहून देतो. रविवारी चर्चमध्ये उभा राहून सांगेन. शाळेतही सांगेन."

लेनोराने चौकटीला हात टेकला. आपण नेहमी कल्पना करायचो तसा विजय तिच्या चेहऱ्यावर दिसत नाही, हे ओर्लिनच्या लक्षात आलं. फक्त दमणूक दिसत होती, पाठीवरचं ओझं उतरवल्यावर खांद्यांना जी कळते ती.

"आता काय पाहिलंस?" तिने विचारलं.

"पाहिलं नाही काही. ऐकलं."

"आम्ही दोघांनी ऐकलं, आई," सिग्नी म्हणाली.

लेनोराने मुलीकडे पाहिलं. तिला आपादमस्तक निरखलं, हात, पाय, मांडी, आणि मगच श्वास सोडला.

"कुठाय ते?"

"गाडीत, फडक्यात. घरी नेऊन सांगाडा चार जागी कापतो. मूठ हवी असेल तर काढून देईन."

"मूठ नको." ती खालच्या आवाजात बोलू लागली, शेजारणीला घरातली गोष्ट सांगावी तसं. "बारा वर्षं माझ्या चादरींच्या कपाटात होतं ते. पहिल्या वर्षी मी रोज काढून बघायची. हॅल्वर कसा भरायचा ते हाताने करून बघायची, सहा भरणं त्याच्या हाताला कसं जमलं असेल ते कळावं म्हणून. एक भर, एक सोड. मला वाटलं, दुःखाने माझे कान बिघडले. मग ठेवून दिलं." ती थांबली. "सांगायला तुझ्याकडेच येणार होते. पण तुला पाहिलेलंच लागत होतं."

ओर्लिनने हातातली टोपी फिरवली.

"काप तू ते. चांगलं काप. पण कापलं म्हणजे झालं असं धरून बसू नकोस. सहाच्या जागी सात घरं होती त्यात, माझ्याकडे असताना. तू नवं चक्र बसवलंस, तर पाचाच्या जागी सहा झाली. त्याला चक्राशी काही घेणंदेणं नाही, ओर्लिन. ते मोजणाऱ्याबरोबर येतं." तिने एप्रनला हात पुसले. "माझ्याकडे कपबश्या आठ आहेत. मोजल्या की नऊ होतात, म्हणून मी मोजत नाही. एवढंच. मोजायचं सोडलं की काही त्रास नसतो."

मग तिने, बारा वर्षांत पहिल्यांदाच, त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि आत निघून गेली.

ओर्लिन व्हरांड्यात उभा राहिला. अंग हलकं वाटत होतं. दुपारी शेरीफ, रविवारी चर्च. काय बोलायचं ते आता त्याला ठाऊक होतं, आणि लोक ऐकतील याचीही खात्री होती. एवढं तरी आपण नीट करणार. उन्हात कोठाराचा पत्रा चमकत होता.

"चल," तो म्हणाला, "मेंढ्या तुझ्या कुत्र्याच्या भरवशावर आहेत."

सिग्नी आधीच पायऱ्या उतरायला लागली होती. मान खाली, एकेक पाऊल जपून. ओर्लिनला तिचा चेहरा बाजूने दिसत होता. तिचे ओठ हलत होते.

तो दोन ढांगांत तिच्याजवळ पोचला आणि तिचं कोपर घट्ट धरलं.

"मोजू नकोस, पोरी."

"नाही मोजत," ती म्हणाली. पण ती शेवटच्या पायरीवर थांबली होती, आणि पायाने चाचपत पुढची पायरी शोधत होती.